थोरलीला कोणी मारले

१

थोरली मेली होती. पहाटेचे पाव भट्टीतून निघून फळ्यांवर ओळीने मांडून झाले होते, खिडक्यांच्या काचांवर त्यांची वाफ धरली होती, आणि अशा उबदार वेळी मालकांनी कोपऱ्यातल्या चिनी मातीच्या बरणीवरचे फडके स्वतः उचलले, आत पाहिले आणि एखाद्याच्या चेहऱ्यावर चादर ओढावी तसे ते पुन्हा ओढून घेतले. एरवी त्या फडक्याला भट्टी सांभाळणाऱ्या भट्टीकाकांखेरीज कोणी हात लावत नसे.

थोरली म्हणजे कोणी बाई नव्हे. ते पाव फुगवणारे खमीर होते. पीठ आणि पाणी यांचे आंबूस, बुडबुडणारे, जिवंत मिश्रण. त्यातले रोज थोडे काढून नव्या कणकेत घालायचे आणि काढले तेवढे पीठपाणी पुन्हा त्याला भरवायचे, हा क्रम मालकांच्या आजोबांपासून अखंड चालत आला होता. बेकरी दोनदा जागा बदलून आली, भट्टी तीनदा बांधली गेली, मालक बदलले. थोरली तीच राहिली. दुकानाच्या पाटीवर घराण्याच्या नावाखाली तिचेच चित्र होते.

मालकांनी एवढेच विचारले, की काल दुपारी हिला कोणी भरवले. उत्तराची गरज नव्हती. सगळ्यांच्या नजरा दाराजवळ उभ्या असलेल्या नव्या मुलीकडे वळल्या. ती कामाला लागून अजून पहिला पगारही झाला नव्हता. अंगावरची शालसुद्धा अजून उतरली नव्हती. तिने पुढे होऊन बरणीत डोकावून पाहिले. वर पाण्याचा पातळ थर होता आणि त्याखाली सगळीकडून सारखाच शिजलेला, खळीसारखा घट्ट, करडा गोळा. वास कसलाच नव्हता.

तिला एकच वाक्य बोलायचे होते, अगदी छोटे. पण ते ओठांवर येण्यापूर्वीच मालक बोलू लागले होते. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो अधिक लागला.

“उकळतं पाणी ओतलंस तू तिच्यावर. तीन पिढ्यांचं धन एका दुपारी घालवलंस. चाचणीवर आहेस, तेव्हा कारण द्यायला मी बांधील नाही. पण कारण सगळ्यांच्या समोरच आहे. उद्यापासून येऊ नकोस.”

ते वाक्य तिच्या घशात राहिले ते राहिलेच. तिला आठवते ते इतकेच, की बाहेर पडताना भट्टीकाकांनी तिच्या पिशवीत रोजच्यासारखा एक पाव कोंबला आणि कोंबताना तिच्याकडे पाहायचे टाळले. रस्त्यावर आल्यावर कितीतरी वेळ तिला घरी जायचा रस्ता डावीकडे की उजवीकडे हेच आठवेना.

२

ती आईवडिलांच्या मागे आत्याकडे वाढली होती, आणि या गोष्टीत आपणही तिला भाचीच म्हणू. आत्याने उभी हयात कामगार न्यायालयात वकिली करण्यात घालवली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली तरी उलटतपासणीची खोड काही सुटली नव्हती. दूधवाला तिच्या दारात दूध घालताना साक्षीदारासारखा उभा राही. गुडघ्यांनी दगा दिला होता, पण जिभेने नव्हे.

आत्या चहात पाव बुडवून खात बसली होती. भाचीने सगळे सांगितले. मग पुन्हा सांगितले, आणि दुसऱ्या खेपेला त्यात थोडा फरक पडला. पहिल्यांदा किटली शेगडीवर नव्हती. दुसऱ्यांदा असावी असे तिला वाटू लागले.

“मी केलंही असेल, आत्या. आता मला वाफ दिसायला लागलीय. तेव्हा होती की नव्हती, कोण जाणे. मी तर त्या वेळी पाणी…”

“थांब.” आत्याने बशी खाली ठेवली. “ते वाक्य मला सांगू नकोस. ते ज्यांनी विचारायला हवं होतं, त्यांच्यासमोर बोलायचं. तोवर मनात जपून ठेव, आणि त्यात नवी वाफ मिसळू नकोस.”

मग आत्याने तिला कायदा समजावला, तिच्या पद्धतीने, म्हणजे तिच्याशीच भांडत. चाचणीवरचा माणूस कसाला उतरला नाही तर मालक त्याला निरोप देऊ शकतो, यात वाद नाही. ‘आमचं जमत नाही’ एवढे म्हणून त्याने नारळ दिला असता तर आपण गप्प बसलो असतो. पण याने तसे केले नाही. याने चारचौघांत ठपका ठेवला. आणि ठपका ठेवायचा झाला, की मग माणूस चाचणीवरचा असो वा जन्माचा, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागते.

“नोकरी काढून घेणं हा त्याचा हक्क असेलही. नाव काढून घ्यायचा हक्क त्याला कोणी दिला?”

भाचीला नाव, हक्क, ठपका यांतले काहीच नीट उमगत नव्हते. तिला जाणून घ्यायचे होते ते दुसरेच: आपल्या या हातांनी ते केले की नाही? तिने शाळेच्या उपाहारगृहातले बरे चाललेले काम सोडले होते ते पाव भाजायला शिकायचे म्हणून. आता स्वतःच्याच हातांकडे पाहताना ते तिला परक्याचे वाटत होते.

आत्याने बशीतला पाव पुन्हा उचलला, चावला, आणि अचानक तिचा जबडा थांबला.

“हा पाव कधीचा गं?”

“आजचाच. निघताना भट्टीकाकांनी दिला.”

आत्याने तोंडातला घास सावकाश गिळला. उरलेला अर्धा पाव तिने कागदात गुंडाळला आणि औषधांच्या कपाटात ठेवून दिला. का, असे विचारल्यावर ती म्हणाली, की भूक मेली. आणि आत्याची भूक मेल्याचे भाचीने आजवर कधी पाहिले नव्हते.

३

पुढच्या काही दिवसांत भाची आणखी दोन बेकऱ्यांत काम विचारून आली. एका ठिकाणी तिला बसायला सांगितले, पाणी दिले, आणि आतून कोणीतरी हलक्या आवाजात म्हणाले, “तीच ना ही, थोरलीला मारणारी?” दुसऱ्या ठिकाणी पाणीही मिळाले नाही. या धंद्यात बातमी कणकेपेक्षा लवकर फुगते.

आत्या काठी घेऊन उठली आणि दोघी बेकरीत गेल्या. मालकांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवले. वागणुकीत खोट काढायला जागा नव्हती. आत्याच्या गुडघ्यांची चौकशी झाली, खुर्चीवर उशी आली. मुलीबद्दल आपल्या मनात अढी नाही, असे त्यांनी पुन्हापुन्हा सांगितले. त्यांच्या वहिनी दुसऱ्या गावी शाखा काढणार होत्या, थोरलीतला अर्धा वाटा त्यांना द्यायचा होता, आणि नेमके त्याच सुमारास हे घडावे, याचेच दुःख.

“हात कच्चा, एवढंच म्हणेन मी,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखरीच भरून आले. “पण मी पाहिली ना तिला. एका अंगाला शिजून अगदी दगड, दुसऱ्या अंगाला जेमतेम ओल. बिचारी. तो वास अजून नाकातून जात नाही.”

लेखी कारण आणि सुनावणी यांची मागणी आत्याने केली, तेव्हा ते हसून म्हणाले, की चाचणीवरच्या माणसाला सुनावणी द्यायची तर उद्या गिऱ्हाइकालाही द्यावी लागेल. आत्याने उत्तर दिले नाही. ती उत्तर देत नाही तेव्हा समोरच्याने सावध व्हावे, हे मालकांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

भट्टीकाका भट्टीच्या दाराशी राख ओढत होते. मालकांच्या वडिलांनी त्यांना कामावर घेतले होते, आणि थोरलीची जोखीम मरताना त्यांच्याच हाती सोपवली होती. आत्याने त्यांना बेकरीच्या रीतीभाती विचारल्या. वर्ष झाल्याशिवाय नवा हात बरणीला लागत नाही, असे त्यांनी सांगितले. सांगून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आले.

“मग हिचा कसा लागला?”

“मला गिरणीवर पाठवलं होतं त्या दुपारी.”

“कोणी?”

भट्टीकाकांनी काचेच्या खोलीकडे पाहिले आणि पुन्हा राख ओढायला लागले.

“बरं, गिरणीवरून आलात. संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची कणीक तुम्हीच भिजवलीत ना? तिच्यात खमीर कुठलं घातलंत?”

“थोरलीतलंच. नेहमीसारखं.” हे ते आत्याला नव्हे, भट्टीच्या दाराला म्हणाले.

बाहेर आल्यावर आत्या काठी आपटत बरीच पुढे गेली आणि मग थांबली. तिने भाचीला विचारले, की तू दुपारी भरवलेस आणि त्यातच थोरली मेली, असे क्षणभर धरू. तर मग संध्याकाळी काकांनी काढले ते मेलेले खमीर, आणि भिजली ती मेलेली कणीक. असे असताना सकाळी फळ्यांवर मांडलेले ते पाव कोणाच्या जिवावर फुगले? मी चहात बुडवून खाल्ला तो पाव तर चांगला टम्म होता.

भाचीच्या छातीवरचा दगड जरासा हलला. म्हणजे संध्याकाळपर्यंत थोरली जिवंत होती. म्हणजे आपण घरी गेल्यावर कोणीतरी… पण लगेच दुसरा विचार आला आणि ती पुन्हा गोंधळली.

“आत्या, माझं डोकं चालेनासं झालंय. मालक म्हणाले, एका अंगाला दगड नि दुसऱ्या अंगाला ओल. मला तर सगळीकडून सारखीच शिजलेली दिसली, वर पाणी. आणि वास नव्हताच. मला नीट दिसलंही नसेल, नाही का?”

आत्या भर रस्त्यात उभी राहिली. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, मग शिवी दिली, मग वळसा घालून तो निघून गेला; ती हलली नाही.

“पुन्हा सांग,” ती म्हणाली. “आणि या वेळी ‘नसेल’ न लावता सांग.”

४

वहिनी मालकांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. दीर-भावजय एकाच घराच्या दोन मजल्यांवर राहत, आणि जिन्यात भेटल्यास हवापाण्याचे बोलत. नवऱ्याच्या पश्चात दुकानाचा गल्ला त्यांनी सांभाळला होता. माणूस समोर येताच तो सुटे पैसे देणार की मोठी नोट काढणार हे त्या चेहऱ्यावरून सांगत.

आत्याला त्यांनी तोडून सांगितले, की थोरली मेल्याने माझे नुकसान सगळ्यांत मोठे. शाखेची जागा घेऊन झाली, आणि आता पाटीवर कोणाचे चित्र लावू? मग स्वतःच पुढे म्हणाल्या:

“संशय घ्यायचा तर माझ्यावरही घ्या, वकीलबाई, मला राग नाही. पण एक सांगते. जेवताना मी भाऊजींना म्हटलं, अर्धी थोरली माझी, येत्या महिन्यात काढून द्या. त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. आठवडा गेला नाही तोच, माणूस कमी पडतंय म्हणून या मुलीला घेतलं. आता गल्ल्यावर मी बसते. माणूस कमी पडत नव्हतं.”

भाची हे ऐकत असताना तिची नजर खिडकीखालच्या एका मोठ्या लाकडी काथवटीवर गेली. तिच्यात जुनी वर्तमानपत्रे रचून ठेवलेली होती. वहिनींनी सांगितले, की ‘हे’ याच काथवटीत कणीक मळत. ते गेले आणि दुकानात स्टीलचे यंत्र आले, तेव्हा ही फेकवेना म्हणून घरी आणली. धुतलीही नाही कधी. भाचीने वर्तमानपत्रे उचलली. लाकडाच्या भेगांतून आणि कडेच्या खोबणीतून वाळलेल्या कणकेचे पापुद्रे चिकटलेले होते, पिवळट, काचेसारखे कडक. तिने नखाने एक कण काढला आणि जिभेवर ठेवला. आधी काहीच लागले नाही. मग अगदी मागाहून, पिकलेल्या सफरचंदासारखी एक आंबटगोड चव आली.

तिला काही आठवले, आणि ते इतके विसंगत होते की ती वहिनींसमोर बोललीच नाही. बेकरीतल्या बरणीला असा वास कधीच नव्हता. तिला नुसता शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, झणका येई. प्रत्येक घरच्या खमिराचा वास निराळा असतो, तेव्हा इथला हाच असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. नवख्या माणसाला असेच वाटते. चुकते ते आपलेच.

परतताना आत्या बेकरीच्या रांगेत उभ्या असलेल्या एका निवृत्त ग्रंथपालांशी बोलत थांबली. ते लहानपणापासून इथलाच पाव खात आले होते आणि अलीकडे इथलीच तक्रार करत. पूर्वी पाव आठवडाभर टिके, आता तिसऱ्या दिवशी त्याला हिरवी लव येते. थोरली गेल्यापासून का, असे आत्याने विचारले, तर ते चिडले.

“थोरली आत्ता गेली हो. पाव गेल्या थंडीपासून बिघडलाय. भट्टीकाका फुप्फुसाच्या दुखण्यानं दवाखान्यात होते ना, तेव्हापासून. आत्ता म्हणाल तर काही फरक नाही. ती जाण्याआधीचा नि आजचा पाव सारखाच वाईट.”

घरी येताच आत्याने औषधांचे कपाट उघडले आणि कागद सोडला. अर्ध्या पावावर हिरवी लव धरली होती. तिने तो भाचीपुढे ठेवला आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाली, की आता मला कळले. पण तुला सांगणार नाही, कारण तुझ्यावर अजून एक काम आहे. आपण ज्याला खून म्हणतो आहोत, त्यात मेलेले माणूसच चुकीचे आहे.

भाचीच्या डोक्यात आता उरलासुरला प्रकाशही मालवला.

५

काम असे होते, की काथवटीतले पापुद्रे खरवडून आणायचे, कोमट पाण्यात भिजवायचे आणि रोज थोडे पीठ भरवायचे. वहिनींनी परवानगी दिली, का ते न विचारता.

पहिले काही दिवस काचेच्या बरणीत नुसता चिखल होता. भाची सकाळी उठून आधी तिच्याकडे पाही, आणि आपण पुन्हा एकदा थोरलीला मारत आहोत अशी तिला धास्ती वाटे. पाणी घेताना ती मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघे. एकदा नव्हे, पुन्हापुन्हा, इतके की पाणी निवून जाई आणि ते पुन्हा ऊन करावे लागे. आत्याने बघितले आणि विचारले, की हे तू नेहमी असेच करतेस काय. भाची म्हणाली, हो, आईने शिकवले होते, तान्ह्या मुलाच्या दुधासाठी करतात तसे. आत्याने मान डोलावली आणि विषय बदलला.

मग एका सकाळी चिखलावर एक बुडबुडा दिसला. दुसऱ्या सकाळी पुष्कळ दिसले. त्यानंतरच्या सकाळी बरणीचे झाकण उचलले तेव्हा स्वयंपाकघरात पिकलेल्या सफरचंदाचा वास भरला, आणि कडेपर्यंत वर आलेले ते फिकट, लवलवते मिश्रण पाहून भाची ओट्याला टेकून रडली. आत्या म्हणाली, रडायला आता मुभा आहे, पण बरणीत पडू देऊ नकोस. मीठ चालत नाही तिला.

त्याच दिवशी आत्याने मालकांना निरोप पाठवला, की सुनावणी नको असेल तर नको. आम्ही वहिनींच्या वाट्याविषयी बोलायला येत आहोत. मालकांनी तत्काळ वेळ दिली.

६

दुपारी भट्टी विसावते तेव्हा बेकरीत एक निराळीच शांतता असते. मालक, वहिनी, भट्टीकाका आणि या दोघी कणीक मळायच्या मोठ्या टेबलाभोवती बसले होते. आत्याने काचेची बरणी पिशवीतच ठेवली होती.

तिने आरंभ केला तो मालकांचीच बाजू मांडून. मुलीने दुपारी उकळते पाणी ओतले हे खरे मानू या, ती म्हणाली. मग दुसऱ्या सकाळचे पाव फुगायला नको होते, ते फुगले. तेव्हा मुलगी सुटली. उरते एवढेच, की संध्याकाळी कणकेसाठी खमीर काढून झाल्यावर कोणीतरी थोरलीला मारले. पण हेही पटत नाही. थोरली मेल्यावर दुकान एक दिवसही बंद पडले नाही, आणि तिच्या मरणाआधीचा नि नंतरचा पाव यांत जुन्या गिऱ्हाइकालाही फरक लागत नाही. फरक लागतो तो गेल्या थंडीपासून. ज्याच्या असण्याने आणि नसण्याने पावाला काहीच होत नाही, ते त्या पावाचे खमीर नव्हेच. त्या सकाळी बरणीत मेले ते पीठ, पाणी आणि शिरका, थोरली नव्हे. थोरली गेल्या थंडीतच मेलेली होती, आणि तेव्हापासून पाव फुगतात ते पाकिटातल्या यीस्टवर.

“हे सगळे तर्क आहेत,” मालक म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र तर्क ऐकणाऱ्याचा नव्हता.

“तर्कच आहेत. म्हणून तुमची साक्ष काढते. तुम्ही मला थोरलीचं वर्णन सांगितलंत: एका अंगाला दगड, दुसऱ्या अंगाला ओल, आणि न जाणारा वास. त्या सकाळी बरणीत जे होतं ते सगळीकडून सारखं शिजलं होतं, वर पाणी होतं आणि वास नव्हता. उकळतं पाणी सगळीकडून शिजवतं, मालक. एका अंगानं शिजवते ती भट्टी. तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्ही निराळ्याच दिवशीचं खरं बोललात.”

आत्याने पिशवीतून बरणी काढली, झाकण उघडले आणि ती भट्टीकाकांपुढे सरकवली. काकांनी उठून, वाकून वास घेतला. मग ते जवळच्या पिठाच्या पोत्यावर मटकन बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकले.

“हीच,” ते म्हणाले. “हीच ती. कुठं होतीस गं.”

मालकांनी सांगितले ते पुष्कळसे टेबलाकडे पाहतच. काका दवाखान्यात होते. त्या दिवशी हवेत फार गारठा होता आणि बरणी हाताला बर्फासारखी लागली. लहानपणी वडील म्हणत, थोरलीला थंडी सोसत नाही. म्हणून त्यांनी ती उचलून भट्टीच्या कठड्याला लावून ठेवली, वरून आपला स्वतःचा गळपट्टा गुंडाळला, आणि प्रेमाने शिजवून टाकली. काका परतले तेव्हा त्यांनी वासावरून ओळखले. घराची अब्रू म्हणून दोघांनी तोंड मिटले, आणि बरणीत दाखवायला रोज पीठ-शिरका कालवत राहिले. वर्षानुवर्षे कोणी विचारले नसते. पण वहिनींनी अर्धा वाटा मागितला. नकली खमीर नव्या गावी नेल्यावर ते फुगले नसते, आणि सगळे उघडे पडले असते. तेव्हा त्याआधीच थोरलीला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मरणे भाग होते, आणि मारणारा हात असा हवा होता, की ज्याच्या बाजूने कोणी बोलणार नाही. काकांना गिरणीवर धाडले, मुलीकडून बरणी भरवून घेतली, आणि ती घरी गेल्यावर स्वतः किटली ओतली.

भाचीला इतके दिवस न सुटलेले कोडे आता सुटले. तिला कामावर का घेतले आणि का काढले, हे दोन प्रश्न नव्हतेच मुळी. काढता यावे म्हणूनच तिला घेतले होते.

आत्या म्हणाली, “खोटा आरोप रचताना माणूस फार लांब जात नाही. स्वतःच्याच चुकीचा सदरा दुसऱ्याच्या अंगात चढवतो. आणि चाचणीवरचं माणूस म्हणजे कोणी काही विचारणार नाही असं माणूस, ही तुमची समजूत तुम्हाला नडली.” मग ती काकांकडे वळली. “तुम्ही हिच्या पिशवीत पाव घातलात, तो सवयीनं की मुद्दाम?”

“बोलता येत नव्हतं, बाई,” भट्टीकाका म्हणाले. “पाव देता आला.”

वहिनींनी दिराकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात राग होता तसे आणखीही काही होते. तो गळपट्टा त्यांनीच विणला होता. अर्धी बरणी माझी आणि अर्धी दुकानाची, एवढेच त्या म्हणाल्या, आणि शाखेत मला हात लागतील, हेही भाचीकडे बघून म्हणाल्या. मालकांनी मुलीचा काही दोष नव्हता असे लिहून देण्याचे, ते गावातल्या प्रत्येक बेकरीत स्वतः जाऊन सांगण्याचे आणि तिला उद्यापासून पुन्हा कामावर घेण्याचे कबूल केले. ते कागद आणायला उठू लागले, तसे आत्याने काठीने त्यांची वाट अडवली.

“कागद नंतर. आधी सुनावणी.”

मालक गोंधळले. सगळे उघड झाल्यावर आता सुनावणी कसली, हे त्यांना कळेना; भाचीलाही कळेना. आत्याने शांतपणे सांगितले, की मी आणला तो पुरावा. तो तिचा जबाब नव्हे. निर्दोष ठरलेल्या माणसालासुद्धा त्याचे म्हणणे कोणीतरी विचारावे लागते. त्या सकाळी जो प्रश्न विचारायचा राहिला, तो तुम्ही विचारल्याशिवाय मी या खुर्चीवरून उठणार नाही, आणि माझे गुडघे पाहता ते तसेही सोपे नाही.

मालक पुन्हा खाली बसले. त्यांनी प्रथमच त्या मुलीकडे सरळ पाहिले. घसा खाकरला. आणि जिला ते आजवर अगंतुगं करत आले होते, तिला म्हणाले, “तुमचं म्हणणं काय आहे?”

भाचीने आपल्या हातांकडे पाहिले. ते आता तिचेच होते. मनगटाच्या आतली ती जागा तिने दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने हलकेच दाबली. तिथे त्या दुपारचा थेंब अजून होता, आणि त्यात वाफ नव्हती.

“पाणी कोमट होतं,” ती म्हणाली.